नाणं उडवलं, पण निकाल आपल्याच बाजूने

‘चर्चला जातात, गुडघे टेकतात आणि बाहेर आले की लोकांनाच शहाणपण शिकवतात की ओ!’ बेळगावच्या कॅम्पात, टिळकवाडीत, खानापूरच्या बसमध्ये हे वाक्य अधूनमधून कानावर पडतं. निमित्त बहुधा किरकोळ असतं. ख्रिस्ती शेजारणीने कुणाच्या तरी मुलाच्या पिण्यावरून चार शब्द सुनावलेले असतात आणि तिच्या स्वतःच्या दिराची बाटली अख्ख्या गल्लीला ठाऊक असते. झालं. एका बाईचा हिशोब सगळ्या समाजाच्या नावावर मांडला जातो: ही माणसं ढोंगी.

बेळगावला ख्रिस्ती माणूस नवा नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथे १८२० साली सुरू झालं, सेंट पॉल्स हायस्कूल १८५६चं, कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३चा. कोकणी, मराठी, कानडी बोलणारी ख्रिस्ती घरं आपल्याच बाजारात भाजी घेतात, आपल्यासारखाच कुंदा पाहुण्यांना देतात. दोनशे वर्षांच्या शेजारानंतरही हा आरोप टिकून आहे, तेव्हा तो नीट तपासायला हरकत नाही. श्रद्धेच्या अंगाने गेलं की भांडण होतं, म्हणून मानसशास्त्राच्या अंगाने जाऊ.

पण आधी मूळ वचन. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू दुसऱ्याचे दोष काढू नका म्हणतो आणि लगेच कुसळ-मुसळाचं उदाहरण देतो. ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, हिंदू घरातल्या आजीलासुद्धा. बहुतेक जण तिथेच थांबतात. पुढची ओळ अशी की आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. कुसळ काढायला मनाई नाही, फक्त क्रम लावून दिला आहे. बायबलमध्येच, करिंथ गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल आणखी एक हद्द आखतो: बाहेरच्यांचा न्याय करणं आपलं काम नव्हे, मंडळीच्या आतल्यांचा करा. या हिशोबाने शेजारच्या हिंदू पोराला सुनावणारी बाई पौलाच्याही हद्दीबाहेर गेली. आणि ‘ख्रिस्ती माणसाने कुणाला काही बोलूच नये’ म्हणणारा शेजारीही ग्रंथाला धरून बोलत नाही.

आता प्रयोगांकडे. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या, म्हणजे पुढे पाद्री होऊ घातलेल्या, ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण द्यायला सांगितलं. काहींचा विषय होता चांगल्या शोमरोन्याची गोष्ट: वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला थांबून मदत करणारा माणूस. वाटेतल्या बोळात संशोधकांनीच एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी थांबले १० टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी होता की दुसराच काही, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. घाईने पडला.

या प्रयोगातला एक संशोधक डॅनियल बॅटसन. त्याने स्वतः धर्मशास्त्र शिकलेलं होतं, आणि पुढे कॅन्सस विद्यापीठात त्याने ढोंगाच्या मुळाशीच हात घातला. माणसाला खरंच न्यायाने वागायचं असतं, की न्यायी दिसायचं असतं आणि त्याची किंमत मात्र मोजायची नसते? हे कळावं म्हणून त्याने रचलेला प्रयोग दिसायला पोरखेळ आहे.

तुम्ही आणि न दिसणारा दुसरा एक जण, अशा दोघांत दोन कामं वाटायची. एकात बक्षिसाच्या सोडतीची तिकिटं मिळू शकतात, दुसरं नुसतं कंटाळवाणं. कोणतं कुणाला द्यायचं, हे तुम्ही ठरवा. समोरच्याला वाटेल की वाटणी चिठ्ठी टाकून झाली. १९९७च्या पहिल्या फेरीत २० जणांपैकी १६ जणांनी चांगलं काम स्वतःकडे घेतलं. इथवर नवल नाही. मग बॅटसनने खोलीत एक नाणं ठेवलं आणि नाणं उडवणं बहुतेकांना न्याय्य वाटतं, असं कागदावर लिहून दिलं. साधारण निम्म्यांनी नाणं उडवलं. निव्वळ नशिबावर सोडलं असतं तर त्यातल्या निम्म्यांच्या वाट्याला कंटाळवाणं काम यायला हवं होतं. प्रत्यक्षात नाणं उडवणाऱ्या १० जणांपैकी ९ जणांकडे चांगलंच काम आलं!

नाण्यात खोट नव्हती. छाप म्हणजे कोण आणि काटा म्हणजे कोण, हे आधी ठरवलंच नाही की हवा तो अर्थ लावता येतो. नाहीतर ‘पहिला फेका नीट पडला नाही, परत उडवू.’ म्हणून नंतरच्या फेरीत नाण्याच्या दोन्ही बाजूंवर सरळ चिठ्ठ्याच चिकटवल्या: या बाजूला मी, त्या बाजूला तो. तरीही पारडं झुकलेलंच राहिलं. मात्र समोर आरसा ठेवून, न्यायाने वाटणी करायची हे आधी ठसवलं, तेव्हा नाणं उडवणाऱ्यांचे निकाल निम्मे-निम्मे आले. स्वतःचा चेहरा दिसत असताना माणसाला स्वतःची सबब तितकी सहज पटत नाही, असं बॅटसनचं म्हणणं. मला या सगळ्या साहित्यात हा आरसा सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यात उपदेशाचा एक शब्द नाही.

पुढचं पाऊल टाकलं पिएर्कार्लो वाल्देसोलो आणि डेव्हिड डेस्टेनो या दोघांनी, २००७ साली. कामांची वाटणी तशीच, एक सोपं आणि झटपट, दुसरं लांबलचक. स्वतःकडे सोपं काम घेणाऱ्याला ‘तू कितपत न्यायाने वागलास?’ विचारलं, तर तो स्वतःला चांगले गुण देतो. तेच दुसऱ्याला करताना पाहिलं की गुण घसरतात. आणि ही सवलत माणूस आपल्या गटालाही देतो. गट म्हणजे किती जवळचा? मनगटावर एकाच रंगाची पट्टी, तीही वाटेल तशी वाटलेली, एवढं पुरलं.

बेळगावात पट्टीचीही गरज नाही, पाटी मराठीत की कानडीत एवढंच बघायचं. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला, तो दिवस १ नोव्हेंबर. त्याच तारखेला एका बाजूला कानडी राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी काळा दिन. आपल्या पोरांनी पलीकडच्या बसला काळं फासलं तर ‘भावना अनावर झाल्या’, त्यांच्या पोरांनी आपल्या बसला फासलं तर ‘गुंडगिरी’. कानडी मित्राला विचारा, तो हेच वाक्य उलटं करून सांगेल. यात बायबल कुठून आलं?

याच दोघांनी २००८ साली एक छोटी भर घातली. स्वतःच्या वागण्याला गुण देताना लोकांना सात आकडी संख्या लक्षात ठेवायला दिली. डोकं असं दुसरीकडे गुंतलं की माणसं स्वतःला तितक्याच कडकपणे तोलू लागली जितकं दुसऱ्याला. म्हणजे स्वतःची चूक मनाला चटकन कळते. ती झाकायची सबब तयार करायला मेहनत लागते, आणि त्या मेहनतीला डोकं मोकळं लागतं.

धर्माने मग फरक पडतो की नाही? २०१५ साली शिकागो विद्यापीठातल्या ज्याँ देसेती यांच्या गटाचा एक शोधनिबंध जगभर गाजला. सहा देशांतली १,१७० मुलं पाहून निष्कर्ष काढला होता की धार्मिक घरांतली मुलं वाटून घ्यायला हात आखडता घेतात आणि दुसऱ्याच्या चुकीला शिक्षा सुनवायला पुढे असतात. धार्मिकांच्या ढोंगाचा शास्त्रीय पुरावाच सापडला, अशा थाटात बातम्या आल्या. मग अझीम शरीफ या मानसशास्त्रज्ञाने मूळ आकडे मागवून घेतले. देशांना ओळखीपुरते १, २, ३ असे क्रमांक दिलेले होते, आणि गणितात ते क्रमांक खऱ्या मोजमापासारखे वापरले गेले होते. बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावरच्या फलाटांचे नंबर मिळवून प्रवासी किती ते सांगावं, तसा प्रकार. हिशोब दुरुस्त केल्यावर बऱ्याच निष्कर्षांत धर्मापेक्षा देशच जास्त बोलत होता. २०१९ साली लेखकांनी निबंध मागे घेतला. मागे घेतल्याच्या बातम्या अर्थातच तितक्या मोठ्या अक्षरांत आल्या नाहीत. धार्मिक लोक पटकन निवाडा करतात, हे सांगायला किती पटकन निवाडा झाला, ते यात दिसतं.

त्याआधी २०१४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांच्या मोबाइलवर दिवसातून पाच वेळा प्रश्न पाठवून पाहिले होते: मागच्या तासाभरात काही चांगलं किंवा वाईट केलंत, भोगलंत, पाहिलंत, ऐकलंत? धार्मिक आणि धर्म न मानणारे यांच्या चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. फरक होता तो नंतरच्या भावनांत: वाईट हातून घडल्यावर धार्मिकांना अपराधीपणा जास्त बोचत होता आणि चांगलं केल्यावर समाधानही जास्त होत होतं.

तरी आरोप ख्रिश्चनांनाच का चिकटतो? आपल्या भागापुरतं एक कारण मला पटतं. १९७६ साली हॅमिल्टन आणि गिफर्ड यांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. २६ वाक्यं ‘अ’ गटाच्या माणसांबद्दल, १३ ‘ब’ गटाच्या. दोन्हीकडे चांगल्या-वाईटाचं प्रमाण अगदी सारखं, नवास चार. वाचून झाल्यावर लोकांना ‘ब’ गट जास्त वाईट वाटला. छोटा गट आधीच विरळ, वाईट कृत्यंही विरळ. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या डोक्यात रुततात. गल्लीत पन्नास घरं आपली आणि दोन ख्रिस्ती असली की त्या दोन घरांतली भानगड वीस वर्षं आठवते.

दुसरं कारण २०१७च्या येल विद्यापीठातल्या कामातून कळतं. जिलियन जॉर्डन आणि तिच्या सहकाऱ्यांना दिसलं की ‘मी असं कधी करत नाही’ असं धडधडीत खोटं बोलणाऱ्यापेक्षा, ‘असं करणं वाईट’ म्हणत तेच करणाऱ्यावर लोक जास्त चिडतात. कारण दुसऱ्याला नावं ठेवणं हीच स्वतःच्या चांगुलपणाची जाहिरात असते, आणि ती खोटी निघाली की फसवल्यासारखं होतं. पण ‘हे वाईट आहे, माझ्याही हातून कधीकधी होतं’ असं म्हणणाऱ्याला लोक बऱ्यापैकी माफ करतात.

कॅथलिकांच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सुरुवातीला सगळी मंडळी छातीवर हात मारून नेमकं हेच कबूल करते: मी विचाराने, शब्दाने, कृतीने चुकलो. माझ्या मते ही प्रार्थना बॅटसनच्या आरशाच्या फार जवळची आहे. अडचण एवढीच की ती सगळ्यांनी मिळून, देवासमोर म्हटली जाते. शेजाऱ्याच्या दारात उभं राहून एकट्याने म्हणायला वेगळंच धाडस लागतं.

या प्रयोगांच्या आड मात्र संस्थांनी लपू नये. माणसाच्या मनाची सवय सांगून व्यक्तीचं ढोंग समजून घेता येतं. लैंगिक नीतीवर जगाला उपदेश करणाऱ्या चर्चने मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवत राहावं, हे मनाच्या सवयीने झालेलं नाही. ते फायलींवर सह्या करून झालं. २००२ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्या फायली बाहेर काढल्या आणि वर्ष सरायच्या आत तिथल्या कार्डिनलना राजीनामा द्यावा लागला. अशा प्रकरणांची माहिती वरिष्ठांना कळवणं जगभरच्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना बंधनकारक करणारा पोप फ्रान्सिस यांचा आदेश निघाला तो मे २०१९ मध्ये.