बाटलीतलं कोलॅजेन पोटात गेल्यावर

ठाण्यात राम मारुती रोडवरच्या मेडिकलमध्ये काउंटरपाशी हल्ली कोलॅजेनच्या छोट्या बाटल्या मांडलेल्या असतात. रोज एक बाटली घ्या, त्वचा तुकतुकीत होईल, केस दाट होतील, गुडघे कुरकुरणार नाहीत, असं एकंदर आश्वासन. त्यावर घरोघरी दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘मैत्रिणीला फरक पडला.’ दुसरं, ‘प्रोटीन आहे, पोटात पचून जाणार, चेहऱ्यावर कसं पोचेल?’ दुसरं मत शहाणपणाचं वाटतं, पण तेही अर्धंच बरोबर आहे.

कोलॅजेन हे आपल्या शरीरातलं सर्वात मुबलक प्रथिन. एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ 30 टक्के. त्वचा, हाडं, कूर्चा, स्नायूबंध, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे ते आहे. त्याची रचना उलगडण्यात मोठा वाटा आपल्याच देशातल्या माणसांचा आहे, आणि बाटलीच्या जाहिरातीत तो कधीच येत नाही. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायूबंधावर क्ष-किरण टाकले आणि 1954-55 मध्ये सांगितलं, की कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या गुंफलेल्या असतात. ही वीण इतकी घट्ट, की दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वात लहान अमिनो आम्लच (अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा) बसू शकतं. मोठ्याला आत जागाच नाही.

असा अख्खा रेणू आतड्यातून रक्तात जाणं शक्य नाही. म्हणून बाटलीत असतं ते आधीच तोडलेलं कोलॅजेन. लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड’ किंवा ‘पेप्टाइड्स’ लिहितात ते हेच. पोटात त्याचे आणखी तुकडे होतात आणि बहुतेक भाग सुट्या अमिनो आम्लांच्या रूपात शोषला जातो. डाळीतली अमिनो आम्लं जशी शरीर हवी तिथे वापरतं, तशीच हीसुद्धा. पण सगळंच इतकं बारीक होत नाही. प्रोलीन आणि हायड्रॉक्सीप्रोलीन या दोन अमिनो आम्लांची जोडी न तुटता रक्तात उतरते, हे मोजलं गेलेलं आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत ही जोडी कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना चालना देते, असंही दिसलंय. म्हणजे ‘पचून जातं, विषय संपला’ असं म्हणता येत नाही.

मग माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात? 2023 मध्ये 26 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात त्वचेचा ओलावा आणि लवचीकपणा थोडा वाढल्याचा निष्कर्ष होता. विक्रेते तोच पुढे करतात. 2025 मध्ये दुसरा आढावा आला, 23 चाचण्या आणि 1,474 माणसांचा. एकत्र बेरीज केली तर त्यातही फायदा दिसत होता. पण संशोधकांनी चाचण्यांचे दोन ढीग केले. कंपन्यांच्या पैशांवर चाललेल्या चाचण्यांत फायदा होता. कंपन्यांचा पैसा नसलेल्यांत ओलावा, लवचीकपणा, सुरकुत्या, कशातच दखल घेण्याजोगा फरक नव्हता. उत्तम दर्जाच्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तरी तेच. माझ्या मते या विषयावरची सर्वात बोलकी गोष्ट हीच आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही सांध्यांबद्दलचा दावा 2011 मध्ये पुरेशा पुराव्याअभावी नाकारला होता. गुडघ्याच्या झिजेत काहींना वेदना थोडी कमी वाटल्याचे निष्कर्ष आहेत, पण झिजलेली कूर्चा त्यामुळे परत भरून येते, असं कुणी दाखवलेलं नाही.

‘निदान प्रोटीन तरी मिळतं ना?’ मिळतं, पण अपुरं. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसतं. अंडं, दूध किंवा डाळ-भात या बाबतीत कितीतरी सरस. आणि हाड मोडल्यावर आजी पायाचं सूप पाजायची, त्यात उकळून उतरतं ते कोलॅजेनच, जिलेटिनच्या रूपात.

आता बाटली हातात घेऊन मागची बाजू वाचा. चौकोनात तपकिरी त्रिकोण दिसेल, कारण कोलॅजेन मासे, गाई-गुरं, डुकरं किंवा कोंबड्यांच्या कातडीतून, हाडांतून आणि खवल्यांतून काढतात. वनस्पतींत कोलॅजेन नसतंच. ‘व्हेगन’ म्हणून विकतात त्यात साधारणपणे अमिनो आम्लं, क जीवनसत्त्व आणि वनस्पतींचे अर्क असतात. घरात कुणाला माशांची ॲलर्जी असेल, तर ‘मरीन’ लिहिलेली बाटली त्यांच्यासाठी नाही. मुतखडा होऊन गेलेल्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं: हायड्रॉक्सीप्रोलीनपासून यकृतात ऑक्झलेट तयार होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. बाकी निरोगी माणसाला फार तर पोट जड होणं, ढेकर, तोंडाला नकोशी चव, एवढाच त्रास. साखर किती आहे तेवढं मात्र मधुमेह्यांनी पाहावंच.

घटकांच्या यादीत आणखी खाली ‘बायोटिन’ हे ब गटातलं जीवनसत्त्व सापडण्याची शक्यता बरीच. रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅमची, आणि केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत ते कधीकधी 10 मिलिग्रॅमपर्यंत असतं, म्हणजे शेकडो पट. जास्तीचं बायोटिन शरीराला सहसा अपाय करत नाही, पण रक्ताच्या काही तपासण्यांना फसवतं. अनेक लॅबमधल्या चाचण्यांची रसायनंच बायोटिनवर बेतलेली असतात. त्यामुळे थायरॉइड ग्रंथी ठीक असूनही रिपोर्टमध्ये ती गरजेपेक्षा जास्त काम करतेय असं दिसू शकतं. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटंच कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल 2017 मध्ये इशारा दिला, त्यात एका मृत्यूचा उल्लेख होता.

त्वचेचंच म्हणाल, तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी 900 हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण इतरांपेक्षा 24 टक्के कमी भरलं. अतिनील किरणांमुळे त्वचेतली विकरं कोलॅजेन कातरत असतात. ती कातरी थांबवणं नवीन कोलॅजेन पिण्यापेक्षा सोपं. सिगारेट सोडणंही त्यातच आलं. शरीराला स्वतःचं कोलॅजेन विणायला क जीवनसत्त्व लागतं, ते पेरूच्या चार फोडींतही भरपूर मिळतं.

तरीही बाटली सुरूच ठेवायची असेल, तर रक्त द्यायला जाताना लॅबमधल्या माणसाला तसं सांगा. थायरॉइडची तपासणी असेल, तर डॉक्टरांना विचारून बायोटिन किमान दोन दिवस आधीपासून बंद ठेवा.