हवाई दलात पायलट व्हायचंय? क्लासची फी भरण्याआधी हे वाचा

दहावी ते पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी
फॉर्म व मार्गदर्शन केंद्र, राजारामपुरी, कोल्हापूर

"पोराला एअरफोर्सला घालायचंय" असं म्हणून आलेल्या पालकांना सगळ्यात आधी एक फरक सांगावा लागतो. अग्निवीर वायू ही भरती वेगळी आणि पायलट होणं वेगळं. हवाई दलात विमान चालवतो तो अधिकारी, आणि अधिकाऱ्याची निवड वेगळ्या परीक्षांतून होते. अग्निवीरचा फॉर्म भरून कॉकपिटची वाट सापडत नाही.

वाटा चार आहेत. बारावीला असताना किंवा बारावीनंतर एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. ही परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. अकरावीत असताना फॉर्म भरता येत नाही. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, सामान्य क्षमतेचा ६००, आणि मुलाखत मंडळाचे (यालाच निवड मंडळ म्हणतात) ९००. म्हणजे निम्मे गुण मुलाखतीकडे आहेत, हे क्लास लावताना लक्षात ठेवा. २०२२ पासून मुलींनाही एनडीएत प्रवेश आहे.

पदवीनंतर सीडीएस (ही यूपीएससीचीच) आणि ॲफकॅट (हवाई दलाची स्वतःची परीक्षा). दोन्हीला वय २० ते २४, आणि डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी कार्यालयाचं) कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर २६ पर्यंत. (लायसन्स सक्तीचं नाही. त्यासाठी कर्ज काढून फ्लाइंग स्कूलला जाण्याची अजिबात गरज नाही.) ॲफकॅटला १०० प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकल्यास १ वजा. ॲफकॅटमधून फ्लाइंग शाखेत शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं, म्हणजे अधिकाऱ्याची ठरावीक मुदतीची नोकरी, ती १४ वर्षांची असते. एनडीए आणि सीडीएसमधून कायम कमिशन.

चौथी वाट एनसीसीची. एअर विंग सीनियर डिव्हिजनचं 'सी' सर्टिफिकेट असलेल्याला लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळासमोर जाता येतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना ही गोष्ट फार थोड्यांच्या डोक्यात असते, आणि तिसऱ्या वर्षी ती आठवून उपयोग नसतो.

सैन्यदलातही पायलट असतात, पण तिथे आधी अधिकारी व्हायचं आणि मग आर्मी एव्हिएशनसाठी पुढे यायचं. त्यांचं प्रशिक्षण नाशिकला होतं. नौदलाचे पायलटही आहेत. त्याबद्दल वेगळं विचारा, इथे हवाई दलापुरतंच लिहिलं आहे.

आता जी दारं बंद होतात त्यांबद्दल.

पहिलं दार अकरावीत. एनडीएमधून हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. ॲफकॅटला पदवी कुठलीही चालते, ६० टक्के हवेत, पण बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी किमान ५० टक्के पाहिजेतच. नीटच्या तयारीसाठी गणित सोडून जीवशास्त्र घेतलं की फ्लाइंगचं दार तिथेच लागतं. दोन्ही मनात असेल तर चार विषय घ्या, जड जातील, पण घ्या.

दुसरं दार डोळ्यांचं. फ्लाइंग शाखेत मायनस नंबर चालत नाही. चष्म्याशिवाय एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते, रंगांची ओळख पक्की लागते. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर "नंबर नाही" निघालं म्हणून निर्धास्त राहू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थेंब टाकून, बाहुली मोठी करून तपासणी करा. लपलेला नंबर तिथेच दिसतो, आणि मेडिकलमध्येही दिसतो.

इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. मुलाला मायनस नंबर आहे, म्हणून बारावी होताच लेसिक (नंबर घालवण्याचं लेसर ऑपरेशन) करून टाकतात. एनडीएला लेसिक चालतच नाही. सीडीएस आणि ॲफकॅटला चालतं, पण वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यानंतर केलेलं आणि त्याला १२ महिने उलटलेलं. अठराव्या वर्षी केलेल्या ऑपरेशनमुळे, पुढे नजर कितीही चांगली झाली तरी, हे दार कायमचं बंद होतं. ऑपरेशनच्या आधीचे रिपोर्टही जपून ठेवा, कारण मूळ नंबर ६ पेक्षा जास्त होता का, हे विचारलं जातं.

तिसरं दार शरीराच्या मापाचं. उंची किमान १६२.५ सेंमी ही सगळ्यांना माहीत असते, पाय कुणी मोजत नाही. घरी अशी मापं घ्या: भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून जमिनीवर पाय सरळ पसरून बसा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर ९९ ते १२० सेंमीमध्ये हवं. मग तसंच टेकून स्टुलावर बसा. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत ६४ सेंमीपेक्षा जास्त नको, आणि बैठकीपासून डोक्याच्या टोकापर्यंत ८१.५ ते ९६ हवं. मांडी लांब असलेला पायलट आणीबाणीत सीटसकट बाहेर फेकला जाताना त्याचे गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटू शकतात, म्हणून हा नियम इतका कडक आहे. घरच्या मापात एखादा सेंमी इकडेतिकडे होतो, तेव्हा काठावर असाल तर दुसऱ्याकडून मोजून घ्या.

चौथं दार सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. मुलाखत मंडळात नापास झालात तर पुढच्या वेळी पुन्हा जाता येतं. पण पायलट म्हणून कल आहे का, हे तपासणारी सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात विमानातल्या डायलवरचे आकडे वाचावे लागतात. हातात स्टिक, पायाखाली पेडल, त्यावर पडद्यावरचा ठिपका सांभाळायचा आणि त्याच वेळी लागणारे दिवे व वाजणारे आवाज बंद करायचे. एनडीएच्या वेळी त्यात नापास झालेल्याला पुढे ॲफकॅट किंवा सीडीएसमधून फ्लाइंग मिळत नाही. ग्राउंड ड्यूटी (हवाई दलातली जमिनीवरची अधिकारी पदं) आणि सैन्यदलाचा मार्ग मात्र खुला राहतो. म्हणून "बघू या कसं असतं" म्हणून ही चाचणी देऊ नका. आदल्या रात्री पुरेसं झोपा आणि सूचना शेवटच्या शब्दापर्यंत ऐका. सूचना अर्धवट ऐकून हात चालवणारेच इथे जास्त चुकतात.

निवड मंडळ पाच दिवसांचं. कोल्हापूरहून म्हैसूर सगळ्यात जवळ, पण डेहराडून, गांधीनगर किंवा वाराणसीही मिळू शकतं. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि चित्रावर गोष्ट लिहून चर्चा होते, आणि बरेच जण त्याच दिवशी परततात. पुढे १५ सेकंदांना एक असे ६० शब्द, गटाची कामं, मुलाखत. पहिल्या वेळचं थ्री-टायर एसीचं भाडं परत मिळतं, तेव्हा तिकीट टाकून देऊ नका.

निवड झाल्यावर (एनडीएतून गेलात तर तिथली तीन वर्षं संपल्यावर) हैदराबादजवळच्या दुंडिगल अकादमीत पिलाटस या प्रशिक्षणाच्या विमानावर सुरुवात होते. तिथल्या कामगिरीवर लढाऊ, वाहतूक की हेलिकॉप्टर हे ठरतं. मुलाच्या आवडीवर ते सर्वस्वी नसतं, हे घरात आधीच बोलून ठेवा. मुलींना लढाऊ विमानं २०१६ पासून मिळतात.

फॉर्मचं. यूपीएससीचा फॉर्म भरताना सेवेचा पसंतीक्रम विचारतात. एनडीएत हवाई दल पहिल्या क्रमांकावर टाकायला विसरलात तर पुढे बदलता येईल यावर विसंबू नका. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'पाटील सार्थक संजय' आणि आधारवर 'सार्थक संजय पाटील' असं नाव आपल्याकडे घरोघरी आहे. फॉर्मवर नाव दहावीच्या प्रमाणपत्रासारखं, अक्षर न् अक्षर. जन्मतारखेला दहावीचं प्रमाणपत्रच ग्राह्य धरतात. आधारवर तारीख वेगळी असेल तर फॉर्म सुटण्याआधी दुरुस्त करा. अर्जाच्या आठवड्यात ती दुरुस्ती होत नाही.

आमच्याकडे येताना दहावीचं मूळ प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, आधार, डोळ्यांच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आणि वर सांगितलेली चारही मापं एका कागदावर लिहून आणा. रिपोर्ट आणि मापं न बघता आम्ही फ्लाइंगचा फॉर्म भरायला घेत नाही.