शेषवर्ग

ठरावीक धन पूर्णांकाने भागल्यावर एकच बाकी उरते अशा सगळ्या पूर्णांकांचा मिळून एक शेषवर्ग होतो. ज्या संख्येने भागायचे ती मापांक. दोन संख्यांच्या फरकाला मापांकाने निःशेष भाग गेला, की त्या परस्परांशी समशेष. त्यासाठीची तीन आडव्या रेघांची खूण (≡) जर्मन गणिती गाऊसने १८०१ मध्ये वापरात आणली.

मापांक ७ असेल तर वर्ग सातच, आठवड्याच्या वारांसारखे, आणि प्रत्येक पूर्णांक त्यांपैकी एकात, आणि एकातच, बसतो. (पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, पण सदाशिव, नारायण, कसबा उरतातच.) शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. दोन्ही दिवस शनिवार. मधले दिवस ३६५ + ३६५ + १२. सातने भागून ३६५ ची बाकी १, १२ ची ५; १ + १ + ५ = ७, म्हणजे शून्यच. एकूण ७४२ दिवस मोजण्याची गरजच पडली नाही. मात्र आजच्या कॅलेंडरने मागे मोजत गेले, तर दोन्ही तारखांना मंगळवार येतो! त्या तारखा जुन्या ज्युलियन कालगणनेतल्या आहेत. तिचा आजच्या ग्रेगोरियन कालगणनेशी तेव्हा ११ दिवसांचा फरक होता. ११ ची बाकी ४. शनिवारपासून चार वार मागे मंगळवार.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार करताना वर्गातली कोणतीही संख्या घ्या, उत्तराचा वर्ग बदलत नाही. शेषवर्गांची सगळी मातब्बरी यातच आहे. ६ चा शंभरावा घात सातने भागल्यावर काय उरते? ६ च्या जागी −१ घेतला की उत्तर तोंडी: १. घातांकाला मात्र ही सवलत नाही. ८ आणि १ समशेष, तरी २ चा आठवा घात २५६, त्याची बाकी ४. पहिल्या घाताची २.

भागाकारही जपून. मापांक १२ असताना ३ × ४ ची बाकी शून्य, दोघांपैकी कोणीही शून्य नसताना! मापांक मूळ संख्या असेल तर असे घडत नाही: ७ च्या बाबतीत ३ × ५ = १५, बाकी १, म्हणून ३ ने भागणे म्हणजे ५ ने गुणणे. असा गुणक शोधण्याची रीत म्हणजे कुट्टक. आर्यभटाने ती ४९९ मध्ये दिली, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (११५०) ती आहे.

मापांक २ पुण्याच्या रस्त्यांवर भेटतो. पी-१, पी-२ पार्किंगमध्ये सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. रोज बाजू बदलायची, एवढेच लक्षात ठेवणारा ३१ तारखेनंतर फसतो. ३१ आणि १ दोन्ही विषम, त्यामुळे पहिल्या तारखेला गाडी कालच्याच बाजूला हवी. लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतरही तेच.