जिवाणूंचा उजेड कॅमेऱ्यात कसा वाचायचा

संसर्ग शरीरात कसा पसरतो हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे ठरलेल्या दिवशी काही उंदीर मारायचे, त्यांचं यकृत, प्लीहा वाटून पेट्री डिशवर पसरायचं आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. पाच दिवसांच्या नोंदींसाठी दर वेळी ६ उंदीर धरले तरी ३० होतात. शिवाय पहिल्या आणि पाचव्या नोंदीतले उंदीर वेगळे, त्यामुळे एकाच प्राण्यात रोग कसा सरकला हे कळत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने स्वतःच उजळणारे साल्मोनेला जिवाणू उंदरांना देऊन तो प्रकाश बाहेरून टिपला.

यासाठी जिवाणूत पाच 'लक्स' जनुकं घालतात. दोन जनुकं ल्युसिफरेज हे प्रकाश निर्माण करणारं विकर बनवतात, उरलेली तीन त्याला लागणारा अल्डिहाइड हा कच्चा माल पुरवतात. बाहेरून काही टोचावं लागत नाही. ही जनुकं बहुधा फोटोरॅब्डस या जिवाणूची घेतात, कारण त्याचं विकर ३७ अंश सेल्सिअसला टिकतं. समुद्रातल्या व्हिब्रिओ फिशेरीचं टिकत नाही. जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, ठेवली तर प्राण्याच्या अंगात, अँटिबायोटिकचा धाक नसताना, जिवाणू ते टाकून देतात: संसर्ग जोरात आणि पडदा काळा. ती गुणसूत्रात बसवणंच शहाणपणाचं.

काजव्याचं ल्युसिफरेज वापरलं तर ल्युसिफेरिन हा त्याचा कच्चा माल बाहेरून द्यावाच लागतो. मात्रा किलोला १५० मिलिग्रॅम. म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला १५ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर द्रावणाचे २०० मायक्रोलिटर, पोटाच्या पोकळीत. साधारण १० ते १५ मिनिटांनी प्रकाश शिखरावर येतो. सुई चुकून आतड्यात गेली तर उजेड एकदम कमी दिसतो आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. असा एखादाच उंदीर मंद दिसला तर आधी सुईवर संशय घ्यावा.

फोटो घेताना आयसोफ्लुरेनची भूल देतात: सुरुवातीला २ ते ३ टक्के, मग दीड ते दोन. खालची पाटी गरम ठेवावी लागते. भुलेत अंग गार पडतं आणि विकराचा वेग बदलतो. पेटी पूर्ण काळोखी, कॅमेऱ्याचा सेन्सर उणे ९० अंशांपर्यंत थंड, एक्स्पोजर १ ते ५ मिनिटं.

खरी अडचण मात्र रक्ताची. लक्सचा प्रकाश सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळा-हिरवा. हिमोग्लोबिन तो गिळून टाकतं. ६०० च्या पुढचा लाल प्रकाश बराच बाहेर येतो, आणि शरीराच्या तापमानाला काजव्याचा प्रकाश ६१० च्या आसपास असतो. ढोबळमानाने सेंटीमीटरभर मांसातून उजेड दहापट घटतो. म्हणून कातडीखालच्या आणि यकृतातल्या ठिपक्यांची आकड्यांत तुलना करू नये. काळी लवही प्रकाश शोषते. ती काढावी किंवा पांढरे उंदीर घ्यावेत.

एवढं सांभाळलं की अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. २००४ मध्ये लिस्टेरिया पित्ताशयाच्या पोकळीत, पेशींच्या बाहेर वाढताना दिसला. हा जिवाणू पेशींच्या आत राहण्यासाठी प्रसिद्ध, त्यामुळे कापायच्या अवयवांच्या यादीत पित्ताशय कोणी सहसा धरत नव्हतं.

ल्युसिफरेजला ऑक्सिजन लागतो, आणि आतड्याच्या पोकळीत तो जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू जिवंत असूनही अंधारात राहतात. शेवटच्या नोंदीनंतर आतडं उघडून काही मिनिटं हवेत ठेवावं आणि पुन्हा फोटो घ्यावा. मग त्याच तुकड्यातल्या वसाहतीही मोजाव्यात.