राजाश्रय ते करारनामा: कोल्हापूरच्या स्वतंत्र संगीतकारांसमोरील प्रश्नांची पार्श्वभूमी

स्वतःचे गाणे स्वतः बांधायचे, घरच्याच खोलीत ध्वनिमुद्रित करायचे, कोणत्याही कंपनीची वाट न पाहता श्रोत्यांपर्यंत पोहोचवायचे आणि त्यावरच चरितार्थ चालवायचा, असा निश्चय केलेले तरुण कलावंत आज कोल्हापुरात आहेत. रियाज चोख ठेवा, संधी आपोआप चालत येईल, असा सल्ला त्यांना वडीलधाऱ्यांकडून मिळतो. तो खोटा नाही. पण कलावंताला पैसे देणारा काळानुसार बदलत गेला आणि त्या प्रत्येक बदलात गुणी माणसांचीही ओढाताण झाली, हे याच शहराच्या इतिहासात दिसते. म्हणून तो इतिहास नीट पाहायला हवा.

छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) उस्ताद अल्लादियाँ खाँ कोल्हापूर दरबारी गायक होते. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या शहरात रुजली, त्यामागे त्या आश्रयाने दिलेली निश्चिंती होती. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले. एवढ्या थोर गायकाचे स्थैर्यही एका आश्रयदात्याच्या हयातीशी बांधलेले होते. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ती गायकी टिकली ती केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांमुळे. खाँसाहेबांचे पुत्र भूर्जी खाँ यांनी कोल्हापुरात राहून तालीम दिली. मल्लिकार्जुन मन्सूर आणि धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकले. शिकवण्या करणे म्हणजे मैफलींत न जमलेल्याचा नाइलाज, असा समज अजूनही आढळतो. तो मला मुळीच मान्य नाही, कारण दरबार संपल्यावरही इथले गाणे शिल्लक राहिले ते या तालमीच्या आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबसारख्या रसिकांच्या संस्थेच्या आधारावर.

दरबाराच्या जोडीलाच नाटक कंपन्यांचा काळ सुरू होता आणि तिथे कलावंत प्रथमच मालक झाला. कोल्हापूरचे केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श मंडळी काढली. गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला संगीत दिले आणि १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले; पुढे त्यांनी शिवराज मंडळी काढली. उत्पन्नात वाटा मिळू लागला, तसा खर्चाचा बोजाही अंगावर आला. लोकप्रियतेच्या ऐन भरात असलेल्या बालगंधर्वांनाही कर्जाचा डोंगर उपसावा लागला. बोलपटांनी रंगभूमीचा प्रेक्षक ओढून घेतला, तेव्हा टेंबे वेळीच नव्या माध्यमात गेले: प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीत त्यांचे आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पुढच्याच वर्षी प्रभात कोल्हापूर सोडून पुण्याला गेली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाश्रयाचा उरलासुरला आधारही गेला. आकाशवाणीची श्रेणी (कलावंताला तिथे मिळणारा दर्जा), चित्रपटांची कामे, जत्रांतले कार्यक्रम आणि पुढे ऑर्केस्ट्रा व कॅसेट यांवर कलावंतांचे घर चालू लागले. जगदीश खेबुडकर यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून अमाप चित्रपटगीते लिहिली; जोडधंद्याने कलेला उणेपणा येतो असे मानणाऱ्यांनी त्यांचे काम आठवावे.

या काळातली खरी उणीव मात्र कागदावरची होती. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये झाला आणि १९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या वापराचा मोबदला, गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था स्थापन झाली. पण निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. एकरकमी बिदागी घेऊन घरी जाणाऱ्याचा गाण्याशी असलेला आर्थिक संबंध तिथेच तुटत असे. ही स्थिती बदलली ती २०१२ च्या दुरुस्तीने. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता गाण्याचा अन्यत्र वापर झाला की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे आणि तो वारस किंवा आयपीआरएससारखी कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही.

आज स्टुडिओत गाणे संपल्यावर तरुण गायकापुढे बहुधा एकच छापील पान ठेवले जाते आणि त्यावर ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी’ अशी ओळ असते. पाकीट हातात पडण्याच्या घाईत ती वाचली जात नाही. वास्तविक हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असेल तरच ग्राह्य ठरते, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. म्हणजे ‘कायमस्वरूपी’ हा शब्द खोडण्याचा आग्रह धरण्यात कलावंताचा मोठा लाभ आहे. गीत कोणाचे, चाल कोणाची, संगीत संयोजन कोणाचे आणि कोणाचा वाटा किती, हे गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वीच मित्रामित्रांतही लिहून ठेवावे. मैत्री आहे म्हणून ते टाळू नये.

ऑनलाइन उत्पन्नाबद्दलच्या कल्पनाही तपासून घ्यायला हव्यात. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादे गाणे मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्याची रॉयल्टी मिळत नाही. यूट्यूबच्या जाहिरात उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी दर्शने लागतात. त्यामुळे नवख्या कलावंताने ऑनलाइन गाण्याकडे आधी ओळखीचे साधन म्हणून पाहावे आणि घरखर्चाचा हिशेब शिकवण्या व प्रत्यक्ष कार्यक्रमांवर मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यक्रमाची सुपारी घेतानाही आगाऊ रक्कम, ध्वनिव्यवस्थेचा खर्च आणि उरलेले पैसे कधी मिळणार हे साध्या कागदावर लिहून घेता येते. चित्रीकरणाची बाब तर आवर्जून लिहावी. सादरकर्त्याचा हक्क, म्हणजे गायक-वादकाचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क, भारतीय कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला. गणेशोत्सवात एखाद्या मंडळाला तुमचे संपूर्ण गायन चित्रित करून आपल्या वाहिनीवर टाकायचे असेल, तर त्यासाठी तुमची संमती लागते आणि ती देताना वेगळे मानधन मागता येते.