शाळेत कार्यशाळा घेणाऱ्या मुक्त कलाकारांसाठी: पोलीस पडताळणी, परवानगी आणि बिलाची कागदपत्रे

चित्रकला, मातीकाम, नाटक, नृत्य, कळसूत्री बाहुल्या, काहीही शिकवायला महाराष्ट्रातल्या शाळेत जा, फाइल अडते ती बहुधा एकाच कागदावर: पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. बाकीची कागदपत्रे दोन-चार दिवसांत जमतात, म्हणून आधी याचेच बघू.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याखालच्या पोक्सो नियम 2020 प्रमाणे मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. त्यात शिक्षक-शिक्षकेतर आणि कायम-कंत्राटी असा भेद नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर शाळा याबाबत फारच काटेकोर झाल्या आहेत. एका दिवसाचा पाहुणा कलाकार 'कर्मचारी' ठरतो का, यावर वाद घालता येईल, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत तो घालून उपयोग नाही. जबाबदारी त्यांच्या सहीवर येते, त्यामुळे ते धोका पत्करणार नाहीत.

खरी गोची पुढे आहे. शाळा म्हणते, आधी प्रमाणपत्र आणा, मग नेमणुकीचे पत्र देऊ. पोलिसांकडे अर्ज करायला गेलात, की ते संस्थेचे पत्र मागतात. या चक्रात कलाकार हेलपाटे घालत राहतो आणि सत्र निघून जाते. यावर उपाय एकच: नेमणुकीचे पत्र मागू नका, 'पडताळणीसाठी शिफारसपत्र' मागा. शाळेच्या लेटरहेडवर तुमचे आधारप्रमाणे पूर्ण नाव, पत्ता, कार्यशाळेचा विषय, अंदाजे कालावधी आणि 'पडताळणी समाधानकारक आल्यास यांना बोलावण्याचे प्रस्तावित आहे' एवढे एक वाक्य असले की पुरे. खाली मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि जावक क्रमांक हवा. जावक क्रमांक नसलेले पत्र पुढच्या टेबलावर अडण्याची शक्यता मोठी, तो तिथेच उभे राहून टाकून घ्या. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांकही पत्रावर असू द्या.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून होतो. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, सही आणि वरचे पत्र जोडा. नंतर पोलीस ठाण्यातून बोलावणे आले की मूळ कागद घेऊन जा.

अर्ज परत येण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले, पासपोर्ट कार्यालयाचे क्लिअरन्स प्रमाणपत्र काढून आणणे. ते परदेशातली नोकरी, वास्तव्य किंवा दीर्घ व्हिसासाठी असते. शाळेसाठी काढायचे नसते, आणि त्यात पैसेही वाया जातात. दुसरे, पत्ता. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला शहरात भाड्याने, ही कलाकारांची नेहमीची स्थिती. अर्ज सध्या राहता तिथल्या पोलीस आयुक्तालयाकडे किंवा अधीक्षक कार्यालयाकडे करा आणि नोंदणीकृत भाडेकरार जोडा. घरमालकाने साध्या कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी चालेल या भरवशावर राहू नका. तिसरे, रंगमंचावरचे नाव. पोस्टरवर, पॅनवर आणि आधारवर तीन वेगळी नावे असतील तर पडताळणी आणि मानधन दोन्ही लटकतात. आधार-पॅन एकसारखे करून घ्या, टोपणनाव फक्त पोस्टरवर राहू द्या.

'माझ्यावर कोणताही गुन्हा नाही' असे स्टॅम्प पेपरवरचे प्रतिज्ञापत्र पडताळणीची जागा घेत नाही. कोणी तसे सुचवले तरी तो खर्च करू नका.

मुदतीचा अर्थही अनेक जण चुकीचा लावतात. शाळेने 'सहा महिन्यांच्या आतले प्रमाणपत्र' असे म्हटले असेल, तर ते कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी की शेवटच्या दिवशी, हे लेखी विचारून घ्या. वर्षभर दर शनिवारी जाणाऱ्याचे प्रमाणपत्र मध्येच जुने होते आणि डिसेंबरात अचानक गेटवर अडवले जाते.

पात्रतेबद्दल एक गैरसमज आहे. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) किंवा आर्ट मास्टर ही पात्रता कलाशिक्षकाच्या नेमणुकीसाठी लागते. पाहुण्या कलाकाराला ती सरसकट मागण्याचे कारण नाही. कामाचे नमुने आणि आधीच्या शाळांची पत्रे पुरतात.

परवानगी: खासगी शाळेत व्यवस्थापन आणि मुख्याध्यापक. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांचा होकार पुरेसा समजू नका, पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव सोबत असेल तर काम लवकर सरकते, कारण तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

मुलांचे फोटो आणि चित्रे यांबाबत शाळेची तोंडी हो चालत नाही. 18 वर्षांखालील मुलासाठी पालकाची लेखी संमती घ्या, आणि तीही सुटी सुटी: फोटो काढणे, प्रदर्शनात चित्र लावणे, समाजमाध्यमावर टाकणे. 'सर्व गोष्टींस संमती' अशी एकच ओळ नंतर पालकांना मान्य होत नाही. चित्राचा स्वामित्वहक्क ते काढणाऱ्या मुलाचा असतो. तुमचा नाही, शाळेचाही नाही.

हा भाग लक्षपूर्वक वाचा. नाटक-चित्राच्या तासाला मुले जे बोलतात ते कधीकधी घरीही बोललेली नसतात. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तसे घडण्याची भीती वाटली, तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे, तुमच्यावरही. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले म्हणजे सुटका झाली, असे नाही. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलाला खोदून खोदून विचारू नका आणि 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका.

आता पैसे. लेखनिक जीएसटी क्रमांक मागतात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. तसे स्वयंघोषणापत्र बिलाला जोडा. 'शॉप ॲक्ट', म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालचा कागद मागितला, तर एकट्या कलाकाराला बहुधा व्यवसायाची ऑनलाइन सूचना दिल्याची पावती पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघुउद्योगाची नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारची नाहीत.

वर्षभरात एकाच संस्थेकडून 50,000 रुपयांपेक्षा जास्त व्यावसायिक मानधन मिळाले, तर 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला जातो. पॅन दिला नाही तर कपात 20 टक्क्यांवर जाते. काम कंत्राट म्हणून दाखवले तर व्यक्तीसाठी दर 1 टक्का असतो, म्हणून करारात 'कार्यशाळा मानधन' की 'कंत्राटी काम', हे आधीच ठरवा. साहित्याचा खर्च करारात वेगळ्या रकमेने लिहा, नाहीतर रंग-कागद मानधनातूनच जातात.

सरकारी निधीतल्या कामाचे बिल 31 मार्चला घेऊन जाऊ नका. त्या दिवशी बिल मंजूर होऊन निघालेले असावे लागते, टेबलावर आलेले नव्हे. फेब्रुवारीतच द्या, सोबत हजेरीपत्रक, मुख्याध्यापकांचे काम पूर्ण झाल्याचे पत्र आणि रद्द केलेला धनादेश लावा. कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनपुढे दिसतो का, हे दर तिमाहीनंतर तपासा. दिसत नसेल तर शाळेच्या हिशेबनिसाला लेखी विचारा.