अमेरिकेतील आद्य भूदृश्य-छायाचित्रकार

१८६० ते १८८० च्या दरम्यान अमेरिकेच्या पश्चिम भागातील दऱ्या, कडे आणि वाळवंटे टिपून पूर्वेकडच्या शहरांना दाखवणारे छायाचित्रकार. कार्लटन वॉटकिन्स (१८२९–१९१६), टिमथी ओसलिव्हन (१८४०–८२) आणि विल्यम हेन्री जॅक्सन (१८४३–१९४२) हे त्यांतले प्रमुख. युरोपासारखी जुनी कॅथेड्रल नसलेला हा देश आपले प्राचीनत्व ग्रॅनाइटच्या कड्यांत आणि हजारो वर्षे जगणाऱ्या प्रचंड सिक्वोया वृक्षांत पाहू लागला, यात या चित्रांचा वाटा मोठा आहे.

तंत्र ओल्या काचेचे. छाप थेट काचेवर कागद ठेवून उन्हात काढत, म्हणून मोठे चित्र हवे तर काचच मोठी लागे. १८६१ मध्ये वॉटकिन्सने कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत खेचरांवरून नेलेल्या कॅमेऱ्यात सुमारे १८ × २२ इंचांची काच बसे. घासूनपुसून घेतलेल्या काचेवर आयोडाइड मिसळलेले कलोडियन (ईथर-अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचा चिकट द्रव) ओतायचे, काच कलती करत ते चारही कोपऱ्यांना पोचवायचे आणि उरलेले बाटलीत निथळायचे. थर चिकटसर झाला की अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटमध्ये तीन-चार मिनिटे बुडवायची. मग चित्र घेऊन, थर सुकण्याआधी, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, फेरस सल्फेटने ते उमटवायचे. उन्हात ईथर भराभर उडून थर आधीच वाळे. धुळीने ठिपके पडत. उमटवण्याचे द्रावण एका दमात पसरले नाही तर लाटांसारखे डाग राहत. धुवायला पाणी हवेच. यलोस्टोनमध्ये जॅक्सनने गरम झऱ्यांचे पाणी वापरले, त्यामुळे काचा लवकर वाळत. ओसलिव्हनची अंधारी खोली म्हणजे खेचरांनी ओढलेली जुनी रुग्णवाहिका-गाडी.

कलोडियनवर मुख्यतः निळ्या प्रकाशाचाच परिणाम होतो. त्यामुळे आकाश कोरे, झाडी काळपट. काचेवर बराच वेळ प्रकाश पडू द्यावा लागत असल्याने धबधबा दुधासारखा. पण दरी निर्मनुष्य दिसते, त्याचे खापर रसायनांवर फोडता येत नाही. योसेमिटीच्या मूळ रहिवाशांवर, ‘अवानीची’ जमातीच्या लोकांवर, १८५१ मध्येच सशस्त्र पथक घालून त्यांना हुसकावण्यात आले होते. ‘अस्पर्श’ निसर्गाची ओढ अशी आधीच मोकळ्या केलेल्या जमिनीवर उभी राहिली.

वॉटकिन्सची चित्रे १८६२ मध्ये न्यूयॉर्कला मांडली गेली. ३० जून १८६४ रोजी लिंकन यांनी योसेमिटी दरी संरक्षणासाठी कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवणाऱ्या कायद्यावर सही केली. यलोस्टोनचा दुवा अधिक थेट आहे: भूवैज्ञानिक हेडन यांच्या १८७१ च्या सर्वेक्षणातील जॅक्सनची छायाचित्रे काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, गेली आणि १ मार्च १८७२ रोजी ते राष्ट्रीय उद्यान झाले. श्रेय एकट्या कॅमेऱ्याचे मात्र नाही. छायाचित्रांत नसलेले रंग त्याच मोहिमेतील चित्रकार टॉमस मोरान यांच्या जलरंगांनी दाखवले.

वॉटकिन्सचे पुढे दिवाळे निघाले. त्याच्या काचा प्रतिस्पर्धी टेबरकडे गेल्या आणि त्यांचे छाप टेबरच्या नावाने विकले गेले. नंतर पुन्हा जमवलेला संग्रह १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतरच्या आगीत जळाला.